बुखारी चालते आहे ना, मग कशाला बदलायची?



मागच्या महिन्यात लेहजवळच्या एका गावातून फोन आला. पलीकडे आमचा जुना लडाखी हवालदार. द्रासच्या बाजूला दोन हिवाळे तो आमच्या पलटणीबरोबर होता. बर्फात वाट कशी काढायची, कुठला उतार कधी घसरतो, हे आम्हा मराठ्यांना त्यानेच शिकवले. आता निवृत्त आहे, जर्दाळूची झाडे सांभाळतो, मुलगा चंदिगडला नोकरीला.

"जुले साब! एक सलाह चाहिए."

विषय बुखारीचा होता. त्याच्या झोपायच्या खोलीत रॉकेलची बुखारी आहे, सतरा-अठरा वर्षांपूर्वी लेहच्या बाजारातून घेतलेली. मुलगा म्हणतो, फेकून द्या, मी विजेचा हीटर पाठवतो. बायको म्हणते, चांगली चालते आहे, पैसे कशाला घालवायचे? आणि तो स्वतः म्हणाला, "आपने ही तो सिखाया था साब, चलती चीज़ को हाथ नहीं लगाना."

खरे आहे. हे वाक्य माझेच. पलटणीत ते मी शंभर वेळा तरी म्हटले असेन. पण त्या क्षणी फोनवर मला पुढे बोलता येईना. "दोन दिवसांनी सांगतो," म्हणालो आणि फोन ठेवला. त्याला काय सांगितले आणि का सांगितले, ते आज लिहितो आहे.

ज्यांनी बुखारी पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी थोडे. आपल्या गावाकडचा तांब्याचा बंब आठवा. मधे नळी, नळीत विस्तव, बाहेरच्या पोटात पाणी, खाली राखेची जाळी. बुखारी म्हणजे पाण्याविना बंब समजा. पत्र्याचा गोल डबा, आत आग, आणि वर चार-पाच इंच रुंदीचा पाइप, जो छतातून किंवा भिंतीतून बाहेर जातो. पाण्याऐवजी खोली तापते. काश्मीरमध्ये लाकडाची असते, लडाखमध्ये लाकूड, शेण, कोळसा, जे मिळेल ते. फौजेत बहुतेक करून रॉकेलची. उंचावर एक टाकी, तिच्यातून बारीक नळी, नळीला कॉक. थेंब थेंब रॉकेल आत पडते आणि जळते. कॉक किती फिरवायचा हे पोस्टवरचा एखादाच जवान नेमके जाणतो. त्याला आम्ही 'बुखारी मास्टर' म्हणायचो. अशा माणसाची सुट्टी मंजूर करताना माझ्या जिवावर यायचे.

या डब्यावर मी प्रेम केले आहे, हे लपवत नाही. साडेतेरा हजार फुटांवर, बाहेर उणे पंचवीस, दिवसचे दिवस वारा. अशा वेळी बंकरात जे काही चांगले घडते ते त्या डब्याभोवतीच घडते. मोजे वाळतात, बर्फ वितळून पाणी होते, किटलीत चहा उकळतो, घरची पत्रे वाचली जातात. १९९९ पूर्वी त्या भागातल्या बऱ्याच पोस्ट हिवाळ्यात रिकाम्या व्हायच्या. कारगिलच्या लढाईनंतर त्या बारमाही झाल्या, म्हणजे हिवाळाभर तिथे माणसे राहू लागली. माणसे राहिली ती बंदुकीच्या जोरावर असे आपण म्हणतो. मी म्हणेन, रॉकेलच्या जेरी कॅनच्या जोरावर. जोझिला बंद व्हायच्या आत महिनोन् महिने पुरेल इतके रॉकेल वर चढवायचे, हीच आमची उन्हाळ्यातली खरी मोहीम असायची.

आता त्या बोर्डाची गोष्ट सांगतो.

फौजेत जुने सामान काढून टाकायचे असेल तर बोर्ड बसतो. एक अधिकारी अध्यक्ष, दोन-तीन सदस्य. सामान बघायचे आणि लिहायचे, चालू ठेवण्याजोगे की बाद. २००६ च्या ऑक्टोबरात अशाच एका बोर्डावर मी होतो, तेव्हा नायब सुभेदार. समोर बुखाऱ्यांची रांग लागलेली. अध्यक्ष म्हणून एक तरुण कॅप्टन साहेब. त्यांनी एका बुखारीच्या पाइपला हात लावला, काजळीने बोटे काळी झाली, आणि मला म्हणाले, "साहेब, हिचा पाइप तर डालडाच्या डब्याचा आहे."

होता. तो मीच बसवला होता, आदल्या वर्षी. मूळ पाइप कुजला, तेव्हा लंगरमधला पंधरा किलोचा तुपाचा डबा कापला, गुंडाळला, तारेने आवळला, सांध्यावर माती लिंपली. झकास चालत होता. मला त्याचा अभिमान होता.

कॅप्टन साहेबांचा कल ती बुखारी बाद करण्याकडे होता. मी म्हणालो, "साहेब, चालते आहे. चालती वस्तू कशाला काढायची? जुनी जमा केल्याशिवाय नवी मिळत नाही. आता ही खाली पाठवली आणि नवी यायच्या आत घाट बंद झाला, तर ती पोस्ट हिवाळाभर आगीविना बसेल."

हा युक्तिवाद खोटा नव्हता. मी आजही तो शब्दाला शब्द मांडू शकतो आणि समोरच्याला पटवू शकतो. तेव्हाही पटला. कागदावर 'चालू' लिहिले गेले आणि खाली माझी सही झाली.

जानेवारीतल्या एका रात्री, दोनच्या सुमारास, त्या बंकरावरचा संत्री आपली पाळी संपवून पुढच्याला उठवायला आत गेला. आत तिघे झोपले होते. पुढचा उठेना. हलवला, थापट्या मारल्या, तोंडातून नुसता आवाज. दुसऱ्याने झोपेतच उलटी केली होती. तिसरा बसला, पण बूट कुठल्या पायात घालायचा हे त्याला कळत नव्हते. संत्र्याने शिट्टी मारली. मी शंभर-दीडशे मीटरवर होतो. पोहोचलो तेव्हा नर्सिंग असिस्टंट आधीच तिथे होता आणि म्हणत होता, "साहेब, उंचीचा त्रास दिसतोय."

चूक त्याची नव्हती. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे, गोंधळणे, ही उंचीवरच्या आजाराची लक्षणे आणि कार्बन मोनॉक्साईडच्या विषबाधेची लक्षणे जवळजवळ एकच. त्या वायूला रंग नाही, वास नाही. बुखारीचा धूर नाकाला कळतो, हा नाही. रक्तात प्राणवायूची जी जागा असते तिथे हा जाऊन बसतो, आणि प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट बसतो. साडेतेरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के, म्हणजे प्राणवायू आधीच तुटपुंजा. त्यात हा पाहुणा. बोटाला लावायचे ते प्राणवायू मोजायचे यंत्रही इथे फसते. या वायूने भरलेले रक्त त्याला चांगल्या रक्तासारखे दिसते आणि ते आकडा झकास दाखवते. हे मला पुढे एका फौजी डॉक्टरांनी सांगितले.

त्या रात्री मला एवढेच सुचले की हे तिघे तीन महिन्यांपासून वर आहेत. उंचीचा त्रास तिघांना, एकाच रात्री, एकाच बंकरात कसा होईल? आणि संत्र्याला काहीच कसे नाही? तेवढ्यात त्या कोंदट उबेत उभे राहून माझेही डोके ठणकायला लागले. मग कळले. तिघांना फरफटत बाहेर बर्फात काढले, स्लीपिंग बॅगमध्ये कोंबले, ऑक्सिजनचा सिलिंडर लावला. बुखारी बंद केली. हवामान खराब होते, हेलिकॉप्टर तिसऱ्या दिवशी आले.

उजाडल्यावर पाहिले. पाइपाच्या टोकावरच्या टोपीवर बर्फ गोठून तिचे तोंड निम्म्याहून जास्त बंद झाले होते. पाइपात आतून काजळीचा थर. धुराला वर वाट नाही म्हटल्यावर तो मागे फिरला, आणि माझ्या डालड्याच्या डब्याचा सांधा उकलला होता, तिथून आत येत राहिला. कोंडलेल्या आगीला हवा कमी पडते, तेल अर्धवट जळते, आणि अर्धवट जळणाऱ्या आगीतूनच हा वायू जास्त निघतो. एक चूक दुसरीला खाऊ घालत होती.

चौकशी झाली. कागदावर बुखारी 'चालू' होती. मग दोष कुणाचा? नियम स्पष्ट होता की झोपण्यापूर्वी बुखारी विझवावी आणि झरोका उघडा ठेवावा. जवानांनी नियम पाळला नाही. निष्कर्ष तोच निघाला. मला कुणी एक शब्द विचारला नाही, आणि मीही आपणहून बोललो नाही.

माझे मत मांडायचे आहे ते इथे.

उणे पंचवीसमध्ये, दोन तास पहाऱ्यावर उभे राहून आलेला, पायाची बोटे बधिर झालेला एकवीस वर्षांचा मुलगा बुखारी विझवून आणि झरोका उघडून झोपेल, अशी अपेक्षा ज्याने धरली त्याने तो हिवाळा काढलेला नाही. मी काढला होता. मी स्वतः किती रात्री बुखारी मंद ठेवून झोपलो हे मला माहीत होते. ज्या यंत्रापासून वाचायला काकडणाऱ्या माणसाने आधी ऊब सोडली पाहिजे, ते यंत्र 'चालू' कसे? ते तापत असेल. चालत नाही. बुखारीची कामे दोन असतात, उष्णता आत ठेवणे आणि धूर बाहेर टाकणे. आम्ही बोर्डावर फक्त पहिले तपासले. डबा गरम होतो का? होतो. मग सही. दुसरे काम तपासायला पाइप काढावा लागतो, आत हात घालावा लागतो, टोपी बघायला छतावर चढावे लागते. ते आम्ही केले नाही, कारण त्या रकान्यात तसे काही लिहायचेच नव्हते. रकाने होते ते वयाचे, किमतीचे आणि दुरुस्तीच्या खर्चाचे. तिच्याशेजारी कोण झोपतो, याचा रकाना नव्हता.

यावर जुने साथीदार काय म्हणतील मला ठाऊक आहे, कारण मीच ते म्हणत होतो. जुन्या बुखारीला वीज लागत नाही. हातोडी आणि तार असली की ती दुरुस्त होते. नव्या यंत्रात पंखा, बॅटरी, सुटे भाग. एक स्क्रू हरवला की घाट उघडेपर्यंत बसा. हे सगळे खरे. नवे म्हणून चांगले, असे मीही मानत नाही. एकदा एक नव्या धर्तीचा हीटर वर आला होता, आठवड्यात बंद पडला, आणि नंतर जवान त्यावर कॅरम ठेवून खेळायचे. पण या तक्रारीचे उत्तर जुना पाइप तारेने बांधणे हे नाही. डिपोत नव्या बुखाऱ्या होत्या. घाट बंद व्हायला महिना-दीड महिना होता. जुनी हातात ठेवून नवी आधी मागवायला एक जादा पत्र लिहावे लागले असते, कुणाच्या तरी मागे लागावे लागले असते. ते कष्ट वाचवायला मी माझा युक्तिवाद वापरला. घाटाची भीती खरी होती, पण तिच्या आड माझा आळसही होता, आणि माझ्या हातच्या त्या डब्याचा अभिमानही.

२०२१ च्या सुरुवातीला डी.आर.डी.ओ.ने 'हिम तापक' नावाची नवी बुखारी पुढे आणली. बॅक ब्लास्टने आणि कार्बन मोनॉक्साईडने जवान दगावू नयेत हा तिचा हेतू म्हणून उघड सांगितला होता, आणि लष्कराने ४२० कोटींहून अधिकची मागणी नोंदवल्याच्या बातम्या होत्या. बॅक ब्लास्ट म्हणजे तापलेल्या बुखारीत पुन्हा तेल पडले की वाफेचा जो भडका बाहेर येतो तो. कित्येकांच्या भुवया त्यात गेल्या आहेत, काहींचे तोंड. मी तोवर घरी आलो होतो, ती वापरून पाहिलेली नाही. पण बातमी वाचून मला बरे वाटले ते वेगळ्याच कारणाने. जवान मरतो तो त्याच्या निष्काळजीपणाने नाही, डब्याच्या दोषाने, हे कुणीतरी एकदाचे मोठ्याने बोलले होते.

हवालदाराच्या प्रश्नाकडे येतो. त्याच्या घरात दोन आगी आहेत. एक स्वयंपाकघरात. लडाखी घरात हिवाळाभर सगळे तिथेच बसतात, जेवतात, गप्पा मारतात. तिथली लोखंडी चूल त्याच्या वडिलांच्या वेळची, म्हणजे बुखारीपेक्षा कितीतरी जुनी. शेण आणि वाळक्या फांद्या जाळते. त्याचा मुलगा तीही काढा म्हणतो.

मी त्याला म्हणालो, चूल ठेव. तिच्याजवळ दिवसभर जागी माणसे असतात. धूर आला तर खोकतील, दार उघडतील, आणि रात्री ती आपोआप विझते. तिचा पाइप मात्र नवा घाल, प्रत्येक हिवाळ्याआधी उतरवून झाड, टोपी बघ. झोपायच्या खोलीतली बुखारी काढ. आजच काढ.

"लेकिन साब, वो तो नई है उससे."

तेच तर. नवी-जुनीचा हिशेबच इथे लागत नाही. माझ्या गावच्या घरी आईचा तांब्याचा बंब आहे, साठ वर्षांचा असेल. चिपाडे, गोवऱ्या, बाभळीची ढलपी, काहीही घाला, अर्ध्या तासात पाणी कढत. सून म्हणते गीझर बसवा. बसवूही एक, तिला पहाटे धुरात डोळे चोळायला लावणे बरे नाही. पण बंब मोडीत काढायचे कारण नाही. तो उघड्या पडवीत आहे, धूर थेट आभाळात. उलट पुण्याला माझ्या मेव्हण्याच्या फ्लॅटमध्ये गॅस गीझर आहे, तो न्हाणीघराच्या आत. खिडकी एवढीशी, तीही थंडीत बंद. मी बघितले तेव्हा माझे पाय तिथेच थांबले. बंद न्हाणीघरात गॅस गीझरने माणसे गेल्याच्या बातम्या आपल्याकडे दर हिवाळ्यात येतात, आणि आपण त्या द्रास-सियाचिनच्या बातम्यांसारख्या दूरच्या समजून वाचतो. मेव्हणे म्हणाले, "चौदा वर्षं झाली, काही त्रास नाही." माझा डालड्याचा डबाही एक अख्खा हिवाळा काही त्रास न देता चालला होता. दोन वर्षे मी त्यांच्या मागे लागलो. आता तो बाहेर ड्राय बाल्कनीत लावला आहे. तोवर मी त्यांच्याकडे आंघोळ दार किलकिले ठेवून करायचो. पोरे हसायची, हसू दे.

बुखारी काढायची तर ऊब कुठून आणायची, हे सांगितल्याशिवाय काढ म्हणणे म्हणजे तोच चौकशीवाला नियम झाला. म्हणून फोनवर तासभर तेच बोललो. २०१९ साली श्रीनगरहून द्रास, कारगिलमार्गे लेहपर्यंत विजेची मोठी वाहिनी पोहोचली, तेव्हापासून वीज पूर्वीपेक्षा बरीच बरी आहे. त्यामुळे मुलाचा हीटर अगदीच वेडेपणा नाही. पण ऐन जानेवारीत सगळे गाव हीटर लावते तेव्हा व्होल्टेज बसते, दिवे मिणमिणतात. त्यावर एकट्यावर विसंबू नये. खोली दक्षिणेची आहे का, विचारले. आहे. मग खिडकीला आतून दुसरा प्लास्टिकचा पडदा, दिवसा ऊन आत घ्यायचे, चार वाजता जाड पडदा ओढायचा. लडाखी उन्हाची किंमत तिथला माणूस मला शिकवेल, मी त्याला काय शिकवणार. दाराखालची फट बंद करायची ती, खोलीत आग नाही म्हणूनच करता येते. आग असती तर तीच फट जीव वाचवते. झोपण्यापूर्वी तासभर हीटर, मग पांघरुणात गरम पाण्याची पिशवी. आणि स्वयंपाकघरात भिंतीवर कार्बन मोनॉक्साईडची घंटा, बॅटरीवर चालणारी. पाइप शेवटी माणसानेच झाडायचा असतो, आणि माणूस विसरतो.

रॉकेलचा हिशेबही त्याने विचारला. एक लिटर रॉकेल पूर्ण जळले तर सुमारे दहा युनिट विजेइतकी उष्णता देते. पण बुखारीत ते पूर्ण जळत नाही, आणि जळते त्यातला मोठा भाग पाइपातून आभाळ तापवायला जातो. विरळ हवेत तर कॉक जराही सैल राहिला की ज्योत पिवळी, काजळी जास्त. आमच्या पोस्टभोवतीचा बर्फ फेब्रुवारीपर्यंत काळा पडायचा आणि सकाळी थुंकी काळी पडायची. पैशाच्या हिशेबात बुखारी जिंकते की हीटर, हे तेलाच्या आणि विजेच्या भावावर ठरेल. त्यात मी पडलो नाही. तो हिशेब दुसऱ्या क्रमांकाचा आहे.

त्या तिघांबद्दल राहिले. दोघे काही आठवड्यांत पलटणीत परत आले. तिसरा, ज्याला पाळीसाठी उठवायला गेले होते, तोही वाचला. पण त्याचे शब्द हरवायला लागले. बोलता बोलता थांबायचा. वस्तूचे नाव आठवायचे नाही, माणसांची नावे चुकायची. या विषबाधेत असे मागाहून होऊ शकते, असे डॉक्टर म्हणाले. वर्षभरात बरेच सुधारले, पण पोस्टवर तो पुन्हा गेला नाही. उरलेली नोकरी स्टोअरमध्ये काढून पेन्शनवर घरी आला.

त्या वर्षी सुट्टीत मी त्याच्या वाडीवर गेलो होतो. त्याच्या आईने चहा केला, शेजारी बसली आणि म्हणाली, "थंडीनंच झालं ना हो, साहेब?"

मी म्हणालो, "होय मावशी, थंडीनं."

हा लेख लिहायच्या आधी मी त्याला फोन केला. सगळे सांगितले, बोर्डाचे, डालड्याच्या डब्याचे, सहीचे. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. तो बराच वेळ गप्प होता. मला वाटले शब्द सापडत नसेल. मग म्हणाला, "साहेब, तो डबा आम्हीच धरून दिला होता तुम्हाला. मी आणि संत्री." पुढे म्हणाला, "लिहा. नाव घालू नका. आणि आईला सांगू नका, तिचं थंडीवर भागलंय." एवढे बोलून त्याने पावसाचे विचारले.

परवा पुन्हा लेहचा फोन आला. चुलीचा पाइप नवा बसला. झोपायच्या खोलीतली बुखारी काढली. पहिल्या रात्री घरवाली रागावली, दुसऱ्या रात्री दोन रजया घेतल्या, तिसऱ्या रात्रीपासून काही बोलली नाही. घंटा मुलगा पाठवतो आहे.

"और बुखारी का क्या किया?"

"आंगन में रखी है साब. कबाड़ी आएगा तो दे देंगे. अच्छी हालत में है, दो पैसे आ जाएँगे."

मी म्हणालो, अच्छी हालत में है, म्हणूनच भीती आहे. भंगारवाला ती कुणाला तरी विकेल, आणि तो माणूस ती झोपायच्या खोलीत लावेल. बाद केलेले सामान मोडूनच द्यायचे असते, हे तुला पलटणीत कुणी शिकवले नाही का?

दुसऱ्या दिवशी मोबाईलवर फोटो आला. अंगणात बर्फ, बर्फात बुखारी आडवी पडलेली, पोटाला कुदळीने पाडलेली दोन भोके, आणि शेजारी कुदळ घेऊन उभी त्याची नात.